वरपक्षाची पंगत

"तुम्हाला जेवायचं असेल तर जेवा. मी गाडीत जाऊन बसते," प्रमिला म्हणाली आणि पदराने कपाळ पुसून पुन्हा दाराकडे पाहू लागली.

मी हातातली थाळी न भरताच परत ठेवली. भोजनगृहात एव्हाना गर्दीचा पहिला भर ओसरला होता. भिजल्या कपड्यांनी आलेली कुटुंबे जेवून पुन्हा पाण्याच्या घसरगुंड्यांकडे निघाली होती. छतावरचे पंखे फिरत होते, पण ते गरम वारा केवळ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे ढकलत होते. वैजू, म्हणजे आमची वैजयंती, टेबलावर हात दुमडून त्यांवर डोके टेकवून झोपली होती. सातारच्या रक्तपेढीतली रातपाळी संपवून ती तशीच गाडीत बसली होती. घाट उतरेपर्यंत झोपली, उतरल्यावर कशीबशी साडी बदलली, आणि आता पुन्हा झोपली होती.

"प्रमिले, आपण ज्यांच्यासाठी थांबलो आहोत त्यांचा पत्ता नाही. त्यांच्याआधी आपण जेवलो, एवढे त्यांना कळणार तरी कसे?"

"मला कळेल ना," ती म्हणाली. "माझ्या लग्नात माझ्या आईनं व्याह्यांची शेवटची पंगत उठेपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घेतलं नव्हतं. मुलीकडची माणसं आधी जेवत नाहीत. तुम्हाला पटत नसेल, तर वाद घालत बसू नका. तेवढं बळ नाही मला."

वाद घालणे हा माझा स्वभाव, हे मला मान्य आहे. महाविद्यालयात मराठी शिकवताना मी तीन प्राचार्यांशी भांडलो; निवृत्तीनंतर वृत्तपत्रांच्या संपादकांशी, वीज मंडळाशी आणि सोसायटीच्या सचिवांशी भांडत आलो. त्या सकाळीदेखील टोलनाक्यावर मी पावतीवरील मजकुराबद्दल इतका वेळ बोललो की मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून मला गप्प केले. परंतु त्या भोजनगृहात मी गप्प बसलो, कारण त्या दिवशी काय पणाला लागले होते ते आम्हां तिघांनाही ठाऊक होते.

वैजू तेहतीस वर्षांची होती. स्थळे पाहण्याला इतकी वर्षे झाली होती की, कोणाच्या दिवाणखान्यात कोणत्या रंगाचे पडदे होते, याची प्रमिला आता गल्लत करू लागली होती. ठाण्याच्या रणदिव्यांचे स्थळ त्यांतले शेवटचे, असे तिने मला बजावले होते. "हे जमलं तर वैशाखात साखरपुडा. नाही जमलं, तर मी पुन्हा कोणाच्या घरी पोह्यांची बशी घेऊन बसणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा." दोन भेटी झाल्या होत्या. तिसरी भेट घरात नको, दोन्ही कुटुंबांनी एखाद्या मोकळ्या जागी दिवसभर एकत्र असावे, असे रणदिव्यांनी सुचवले. घाटाखालचे हे मनोरंजन उद्यान ठाण्याला आणि साताऱ्यालाही सोयीचे, म्हणून त्यांनीच निवडले. व्यवस्था अर्थातच आम्ही करायची होती. संध्याकाळी निघण्यापूर्वी साखरपुड्याची तारीख ठरणार होती.

मी पैसे आगाऊ भरून नऊ जणांचा प्रवेश आणि भोजन अशी नोंदणी केली. रणदिव्यांची सहा प्रवेशपत्रे दारावरच्या मुलीकडे ठेवली, आणि भोजनाची सर्व कार्डे माझ्याजवळ घेतली. गळ्यात अडकवायची, निळ्या दोरीची, पुठ्ठ्याची कार्डे होती ती. मागच्या बाजूला नियम छापले होते: कार्ड त्याच दिवशी वापरावे, परतावा मिळणार नाही, दुसऱ्यास देता येणार नाही, आणि नाव लिहिल्याशिवाय ग्राह्य धरले जाणार नाही. छापील नियम दिसला की तो मी शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो आणि पाळतोही. तेव्हा दारातच उभे राहून, त्या मुलीकडून जाड शाईचा पेन मागून घेऊन, मी सुवाच्य अक्षरांत नावे घातली: श्री. रणदिवे. सौ. रणदिवे. चि. सुहास. सुहासच्या दोन बहिणींची नावे मला ठाऊक नव्हती, म्हणून 'थोरल्या ताई' आणि 'धाकट्या ताई'. त्याची आत्या येणार होती, तिच्या कार्डावर 'आत्याबाई'. मी कार्डे कोरी ठेवली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

सकाळी सुहासचा 'निघालो' एवढाच संदेश आला होता. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. वडिलांचा लागला, पण कोणी उचलला नाही.

"वाटेत गाडी बंद पडली असेल," मी म्हणालो.

"पडली असेल."

"किंवा पनवेलला गर्दी असेल."

"असेल," प्रमिला म्हणाली. ती मला विरोध करीत नाही, असे फार क्वचित घडते, आणि तेव्हा मला भीती वाटते.

आमच्या शेजारच्या टेबलाशी मघापासून सात-आठ बायका बसल्या होत्या. नऊवारी, काहींची गोल साडी, एकीच्या हातात जत्रेत मिळतो तसला फुगा. त्यांच्या टोकाला पांढऱ्या टोपीचा एक वृद्ध मनुष्य अवघडून बसला होता. त्यांच्यापुढे पाण्याचे ग्लास होते आणि मधोमध एक थाळी. त्या थाळीतली पोळी त्या तुकडे करून एकमेकींकडे सरकवत होत्या, आणि भिंतीवरच्या दरफलकाकडे पाहून हसत होत्या.

"आगं, एवढ्यात तर आमच्या गटाची म्हैस येती," त्यांतली एक मध्यम वयाची, तरतरीत बाई मोठ्याने म्हणाली.

"शेवंते, म्हैस दूध देती. ह्ये पनीर हाय, ह्ये काय देतंय?" थोराड अंगाची, मोठे कुंकू लावलेली बाई म्हणाली. तिने आमच्याकडे पाहिले, आणि मी ऐकतो आहे असे दिसताच मलाच सांगू लागली. "आमी पुरंदरच्या, भाऊ. बचत गट हाय. अंजिराचा बार बरा गेला, चार पैसं हाती आलं, म्हनून पोरी म्हनल्या, एक डाव पान्याची घसरगुंडी बघूच. भाकरी, झुनका, ठेचा समदं बांधून आनलं. तर त्या दारावरच्यानं अडीवलं. बाहेरचं खानं आत चालत न्हाई म्हनं. आन आता बाहेर जाऊन खाऊन येतो म्हनलं, तर परत आत घेत न्हाईत. आमची भाकरी तिकडं गाडीत बसलीय आन आमी हितं."

"भाकरीला लई गमत आसंल," शेवंता म्हणाली. "एसी हाय का आपल्या गाडीत?"

"काच फुटकी हाय, तेवढाच एसी," टोपीवाला वृद्ध म्हणाला. तो त्यांच्या जीपचा चालक होता.

त्या हसण्याने वैजू जागी झाली. तिच्या गालावर बांगडीची खूण उमटली होती. तिने प्रथम दाराकडे पाहिले, मग आमच्या रिकाम्या टेबलाकडे, मग शेजारच्या त्या एका थाळीकडे.

"आले नाहीत?"

"येतील," प्रमिला म्हणाली.

"तुम्ही जेवला नाहीत?"

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले की, दुपारचे भोजन लवकरच बंद होत आहे, आणि ज्यांनी आपली कार्डे वापरली नसतील त्यांनी त्वरित वापरावीत.

"बाबा, ती कार्डं द्या इकडे," वैजू म्हणाली.

"कोणती?"

"त्यांची. या मावशींना देऊ."

"अगं, आणि ते आले म्हणजे?" प्रमिला एकदम सावरून बसली. "भुकेले येतील. त्यांच्यापुढे काय ठेवायचं मग?"

"आई, ते येईपर्यंत हे लोक भांडी घासायला घेतील. तू जेवणार नाहीस, बाबा जेवणार नाहीत, तुम्ही नाही म्हणून मी नाही. ते आलेच नाहीत. मग हे शिजवलंय कोणासाठी?"

प्रमिला माझ्याकडे पाहू लागली. मी काहीतरी मुद्दा मांडीन, असे तिला वाटले असावे. मी खिशातून कार्डांचा जुडगा काढला, स्वतःची तीन वेगळी ठेवली आणि उरलेली सहा वैजूच्या हाती दिली. वैजू उठून त्या बायकांकडे गेली आणि काय बोलली ते मला ऐकू आले नाही. थोराड बाई, जिचे नाव हौसाबाई असे नंतर कळले, आधी हात हलवून नको म्हणाली. मग वैजूने तिच्या कानाशी काही सांगितले. हौसाबाईने आमच्याकडे वळून पाहिले आणि कार्ड गळ्यात घातले.

वाढपाच्या खिडकीशी टाय लावलेला तरुण व्यवस्थापक उभा होता. त्याने कार्डे तपासली, मग ती घातलेली माणसे तपासली.

"काका, ही कार्डं तुमची ना? दुसऱ्याला देता येत नाहीत. मागे लिहिलंय."

"लिहिले आहे, मी वाचले आहे. पण भोजनाचे मूल्य तुम्हाला मिळाले आहे, अन्न शिजले आहे, आणि घेणारे माणसाचेच पोट आहे. ते कोणते पोट, याने आपले काय बिघडते?"

"बिघडतं काका. मागे एकानं कार्डं दारात उभं राहून विकली होती. तेव्हापासून वरून सांगितलंय, ज्याचं नाव त्यालाच जेवण. मी नोकर माणूस." त्याने हौसाबाईच्या गळ्यातले कार्ड वाचले. "सौ. रणदिवे तुम्हीच का?"

हौसाबाई माझ्याकडे पाहू लागल्या. प्रमिला माझ्याकडे पाहू लागली. मी आयुष्यात अनेकांना त्यांच्या तोंडावर खोटे पाडले आहे, परंतु स्वतः सरळ खोटे बोलण्याचा मला सराव नव्हता.

"या आमच्या विहीणबाई," मी म्हणालो.

"मुलीच्या सासूबाई?"

"होऊ घातलेल्या."

"आन ह्ये?" हौसाबाईंनी लगेच चालकाला दंडाला धरून पुढे ओढले आणि त्याच्या गळ्यात श्री. रणदिवे अडकवले. "ह्ये आमचं मालक."

"वैनी!" चालक ओरडला. तो त्यांचा धाकटा दीर होता. "देवाला तरी भ्या!"

"सोपाना, जेवायचं हाय का न्हाई तुला?"

सोपानरावांनी टोपी सारखी केली आणि मान खाली घातली. व्यवस्थापकाच्या ओठांच्या कडा हलल्या, पण त्याने चेहरा गंभीर ठेवला. "आणि चिरंजीव सुहास? हे तर मुलाचं नाव आहे." कार्ड शेवंताच्या गळ्यात होते.

इथे मात्र मला बळ आले. "सुहास हे नाव स्त्रियांचेही असते. माझ्याच वर्गांत दोन सुहास होत्या. एक आता वकिली करते. 'चिरंजीव' हा आशीर्वाद आहे, त्यात स्त्री-पुरुष असा भेद कोठे आहे? आपला आक्षेप नावाला आहे की दीर्घायुष्याला?"

"काका, नाही माझा कशालाच आक्षेप," तो थकून म्हणाला. त्याच्याही शर्टाची काखोटी घामाने भिजली होती. "आत्याबाई, थोरल्या ताई, धाकट्या ताई, घ्या सगळ्यांनी थाळ्या. लवकर करा फक्त."

सहा थाळ्या आणि आठ माणसे. त्यांनी त्या कशा वाटल्या ते सांगता येणार नाही. कोणाची पोळी कोणाच्या ताटात जात होती, याचा हिशोब त्यांनाही नसावा. पनीर गोड आहे म्हणून दोघींनी नाके मुरडली, आणि तरी ते संपले. टेबले जोडून त्यांनी आम्हालाही त्यांच्यातच ओढून घेतले. प्रमिला आधी खुर्चीच्या कडेवर बसली होती. मग थोरल्या ताईंच्या ताटात भात नाही असे तिच्या लक्षात आले, आणि ती उठून खिडकीशी जाऊन भाताची वाटी घेऊन आली. त्यानंतर ती बसलीच नाही.

"अजून एक गुलाबजाम घ्या. एवढ्यानं काय होतंय?"

"नगं ओ बाई, पोट फुटंल."

"असं कसं? आमच्याकडे पहिल्यांदा आलात." हे तिच्या तोंडून सवयीने गेले. एक क्षण ती थबकली. मग तिने तो गुलाबजाम हौसाबाईंच्या ताटात ठेवून दिला.

शेवंताला ही संधी पुरेशी होती. "आवो सासूबाई, नुसत्या खाताय काय? पोरगी बघाया आलाय ना आपन? इचारा की कायतरी!"

हौसाबाईंनी बोटे चाटली, गळ्यातले कार्ड पदरावर नीट ठेवले आणि कंबर ताठ केली. "काय गं पोरी, नाव काय तुजं?"

"वैजयंती," वैजू म्हणाली. किती महिन्यांनी तिचे दात मला दिसले, कोण जाणे.

"सैपाक येतो का?"

"येतो. पण रोज करायला वेळ नाही मिळत."

"आगं आई गं! का?"

"नोकरी आहे. रक्त तपासते, पिशव्या भरते, रात्री-अपरात्री माणसं येतात रक्त मागायला. आठवड्यातून तीन-चार रात्री जागरण असतं." ती जराशी पुढे वाकली. "तुम्ही आता म्हणायचं, लग्नानंतर रातपाळी सोडायची."

"का सोडायची? पगार मिळतो न्हवं?"

"आगं मावशे, तू सासू हाईस," शेवंता ओरडली. "सोड म्हन!"

"बरं. सोड," हौसाबाई म्हणाल्या. "रातच्याला सुनंनं बाहेर राहायचं न्हाई. आमच्यात चालत न्हाई. मग? सोडशील?"

सगळ्या हसत होत्या. वैजू टेबलावर सांडलेले पाणी बोटाने एका बाजूला ओढत होती.

"मला माहीत नाही, सासूबाई," ती म्हणाली. "तुम्ही मागच्या भेटीत हेच म्हणालात, तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. माझे बाबा जगाशी भांडतात. वीज मंडळाशी भांडतात. आज सकाळी टोलनाक्यावर एका चिठोऱ्यासाठी भांडले. मला वाटलं, आता बोलतील. पण ते तुमच्याशी नाही भांडले. 'बघू, विचार करू' म्हणाले. माझे बाबा कोणाला 'बघू' म्हणाल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, ते दमलेत. आई दमलीय. म्हणून मी पण 'बघू' म्हणाले."

हसणे थांबले. प्रमिलाच्या हातात रिकामी वाटी होती, ती तिने तशीच धरून ठेवली.

"सासूबाई, तोंड का मिटलं?" शेवंता हलक्या आवाजात म्हणाली.

"मी काय बोलू, बाय?" हौसाबाई म्हणाल्या. "मी जेवनापुरती सासू."

त्यांनी ताटातला उरलेला गुलाबजाम उचलून वैजूच्या हातावर ठेवला. वैजूने तो खाल्ला नाही. आईकडे पाहून तो वाटीत ठेवला. तोही नियम तिच्या लक्षात होता.

दुपार कलल्यावर रणदिवे आले.

ते दारातून येताना मला प्रथम सुहास दिसला. पांढरा सदरा, डोळ्यांवरचा गॉगल कपाळावर सरकवलेला. त्याच्या मागे त्याचे आईवडील, दोघी बहिणी आणि आत्या. सर्वांचे चेहरे झोप झाल्यासारखे ताजे होते.

"दिघेसाहेब! सापडलात एकदाचे," रणदिवे दोन्ही हात पसरून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणायचे आहे. त्यांच्या बोलण्यात आपुलकी असे. "काय सांगू तुम्हाला! पनवेलला सुहासच्या मावशीकडे पाच मिनिटं डोकावलो, तर तिनं सोडलंच नाही. माशांचा बेत केलेला. जेवल्याशिवाय जाऊ देईना. मग वरती थोडं आडवं व्हा म्हणाली. झालं!"

"फोन केला होता आम्ही," मी म्हणालो.

"फोन गाडीत राहिले हो. तुम्ही जेवलात ना?"

वैजू उठून उभी राहिली.

"सुहास, आम्ही थांबलो असू, हे तुमच्या लक्षात आलं नाही?" तिने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. रक्तपेढीत ती रुग्णांच्या नातेवाइकांना ज्या स्वरात रक्तगट विचारते, तोच तो स्वर होता.

सुहास गोंधळला. "आलं ना. म्हणजे, मी म्हणालो होतो आईला, निघूया. आई म्हणाली, मुलीकडची माणसं आहेत, थांबतील." त्याने हे सरळपणे सांगितले. त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटले नसावे.

"असू दे हो, झालं ते झालं," सौ. रणदिवे म्हणाल्या. "आमची जेवणाची कुपनं वाया गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्यावर आईसक्रीम वगैरे मिळत असेल, तर मुलींना..." बोलता बोलता त्यांची नजर टेबलावरून फिरली आणि हौसाबाईंच्या गळ्याशी थांबली. त्या पुढे वाकल्या आणि माझे सुवाच्य अक्षर वाचू लागल्या. "सौ. रणदिवे? हे काय? हे माझं नाव या बाईच्या गळ्यात?"

हौसाबाई कार्ड काढू लागल्या. सोपानरावांनी आपले केव्हाच टोपीखाली दडवले होते.

"राहू द्या," प्रमिला त्यांना म्हणाली.

"दिघेसाहेब, हा काय प्रकार आहे?" रणदिव्यांच्या स्वरातली आपुलकी ओसरली होती. "आमच्या नावाची पानं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलीत? ही थट्टा आहे का?"

मी उभा राहिलो. माझ्याजवळ उत्तर होते, उत्तरे होती. नियम, न्याय, शिष्टाचार, फोन गाडीत राहण्यामागची शक्याशक्यता, आणि त्यानंतर रातपाळीचा मुद्दा, जो मी ठाण्याला मांडायला हवा होता: हे सर्व ओळीने माझ्या मनात उभे राहिले. मी घसा साफ केला. परंतु माझ्याआधी प्रमिला बोलली. ती माझ्याशी बोलत होती, आणि मोठ्याने बोलत होती.

"अहो, व्याह्यांची जेवणं झाली," ती म्हणाली. "वरपक्षाची पंगत उठली. चला, आता आपण जेवू. वैजू, पानं घे."

आपली तीन कार्डे तिने टेबलावरून उचलली, एक माझ्या गळ्यात घातले, एक वैजूच्या आणि एक स्वतःच्या, आणि ती वाढपाच्या खिडकीकडे चालू लागली.

"म्हणजे?" रणदिवे माझ्याकडे वळले. "तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

"ती बोलली ते पुरेसे आहे," मी म्हणालो.

सुहास क्षणभर वैजूकडे पाहत राहिला. मला वाटले, तो काही बोलेल. त्याच्या आईने त्याला हाक मारली आणि तो वळला. त्यांची प्रवेशपत्रे वापरून झाली होती, तेव्हा ते पाण्याच्या घसरगुंड्यांकडे गेले असावेत. आम्ही पाहिले नाही.

खिडकीवर दुपारचे जेवण बंद झाले होते. व्यवस्थापकाने आमची कार्डे पाहिली, प्रमिलाचा चेहरा पाहिला, आणि आत जाऊन भांडी चाळवली. "वरण संपलं, पोळ्या संपल्या," तो म्हणाला. "भात आहे आणि गुलाबजाम आहेत. चालेल?"

आम्ही गार भात आणि गुलाबजाम खाल्ले. कोणत्या क्रमाने खावे याचाही वाद मी घातला नाही. वैजूने तीन वेळा भात घेतला, आणि चौथ्या वेळी घेता घेता तिचे डोळे मिटू लागले.

"जा, गाडीत जाऊन नीज," प्रमिला म्हणाली. "उद्या रातपाळी आहे ना?"

"आहे."

"मग जा तर."

वाहनतळावर सोपानरावांची जीप आमच्या शेजारीच उभी निघाली. बायका तिच्यात दाटीवाटीने चढत होत्या. भाकऱ्यांचे गाठोडे शेवंताच्या मांडीवर होते. तिने त्यातल्या दोन भाकऱ्या आणि ठेच्याची पुडी काढून खिडकीतून प्रमिलाच्या हातात कोंबली. फुगा कोठेतरी राहिला म्हणून एकजण हळहळत होती. वैजू आमच्या गाडीत मागच्या आसनावर पाय दुमडून झोपली होती. तिच्या गळ्यात अजून ते निळे कार्ड होते.

"येतो, व्याहीबुवा!" हौसाबाईंनी जीपमधून हात जोडले, आणि आत पुन्हा हशा उसळला.

मी हात जोडले. प्रमिला पुढे झाली, जीपच्या दाराला हात लावून उभी राहिली आणि गंभीरपणे म्हणाली, "सावकाश जा, विहीणबाई. घाट आहे. पोचल्यावर कळवा."

"नंबर दिलाय तुमच्या लेकीनं. कळवतो," हौसाबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर टोलनाका आला, मी पावती घेतली आणि न वाचता खिशात ठेवली. रणदिव्यांचा फोन त्या दिवशी आला नाही, पुढेही आला नाही. प्रमिलाने पुन्हा कोणाच्या घरी पोह्यांची बशी हातात घेतली नाही. वैजू अजूनही रातपाळी करते.

साताऱ्यात शिरताना दिवे लागले होते. मागच्या आसनावर वैजूचा फोन वाजला. तिने झोपेतच तो कानाला लावला, ऐकले, आणि आईच्या खांद्याला स्पर्श केला.

"आई, सासूबाईंचा फोन होता," ती म्हणाली. "पोचले म्हणतात."